गाणं सगळ्यांचं, नाव कुणाचं?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात रायपूरच्या गोल बाजारात आपल्या पायांनी चालता येत नाही. गर्दी नेईल तिकडे जायचं. मालवीय रोडकडून आत शिरलं की लाई-बत्ताशांचे ढीग, कुंकवाच्या राशी, पितळेच्या समया, आणि वाटेतच जमिनीवर पसरा मांडून बसलेल्या खेड्यांतल्या बायका. त्यांच्यापुढे नव्या धानाच्या लोंब्या विणून केलेल्या झालरी असतात. झालर दाराला बांधायची, दाणे पाखरांनी टिपायचे. ही झालर आणि दिवे घेतलेली मातीची ग्वालिन, एवढ्यासाठी मी आणि माझ्या नणंदबाई दरवर्षी इथं येतो. यंदा मुंबईहून आलेली लेकही बरोबर होती.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी घरं आहेत. आमच्या बोलण्यात हिंदी आणि छत्तीसगढी मिसळून गेली, तरी फेर धरून गाणी म्हणायची भुलाबाई बसायची राहिली नाही. वन्सं म्हणजे आमच्या आळीच्या भुलाबाईचा आवाज. जन्मभर त्यांनी मुलींना गाणं शिकवलं. लेक मुंबईत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी रॅप ऐकायला जाते. घराची सफाई चालू असताना तिनं सॉल्ट-एन-पेपा या अमेरिकन मुलींच्या हिप-हॉप गटाचं 'पुश इट' लावलं. त्यावरून आत्या-भाचीचं जे सुरू झालं, ते बाजारातल्या चहाच्या टपरीपर्यंत चाललं. मी मध्ये फारशी बोलले नाही. ऐकताना मला माझी आजी आठवत होती, म्हणून ते सारं इथं लिहून ठेवते आहे.

आत्या : तू लावलेलं ते मी शेवटपर्यंत ऐकलं. त्यात सूर नाही म्हणून मी नाक मुरडणार नाही. तबल्याची पढंत ऐकण्यात माझा जन्म गेला. तालात बोलणं किती कठीण असतं ते मला कळतं. माझी अडचण दुसरीच आहे. या रॅपमध्ये दर दोन ओळींनी 'मी' येतो. मी अशी, माझं नाव अमुक, माझ्यापुढे कोण टिकतंय! बायकांच्या गाण्याला नाव नसायचं, आणि त्यातच त्याचं बळ होतं.

भाची : नाव नसण्यात कसलं बळ, आत्या?

आत्या : अगं, जात्यावर बसलेली बाई सासऱ्याचं गाऱ्हाणं सांगायची. कुणी विचारलं, हे तू म्हणालीस का, तर ती म्हणे, मी कुठे, ओवीच तशी आहे, आईकडून आलेली. ओवी म्हणजे तिच्या डोक्यावरचा पदर होता. भुलाबाईच्या फेरात आपण सासू-नणंदेचा उद्धार करतो, आणि ती सासू, ती नणंद त्याच फेरात टाळी देत असते. तिलाही हसू येतं. त्याच ओळीखाली नाव घाल, लगेच भांडण होईल.

भाची : आणि भांडण करायचंच असेल तर? पदराआडून सांगितलेलं गाऱ्हाणं ऐकलं सगळ्यांनी, पण त्यानं सासऱ्याचं काय बिघडलं? तुला 'पुश इट'ची गोष्ट सांगते. शेरिल जेम्स म्हणजे सॉल्ट आणि सँड्रा डेंटन म्हणजे पेपा, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या दोन मुली. सिअर्स नावाच्या मोठ्या कंपनीत नोकरी करत होत्या. तिथलाच एक सहकारी, हर्बी एझर, त्यानं 1985 मध्ये त्यांच्याकडून पहिलं गाणं करून घेतलं. तेव्हा रॅप म्हणजे मुलांचं राज्य. पुढे डिड्रा रोपर ही तिसरी मुलगी आली, तबकड्या फिरवायला. म्हणजे संगतीलाही बाईच. 1987 मध्ये त्यांचं 'ट्रॅम्प' हे गाणं निघालं, त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला 'पुश इट' भरीला घातलेलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका डीजेनं ते नव्यानं बांधून वाजवलं आणि मागची बाजूच गाजली. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 19 व्या क्रमांकापर्यंत गेलं. जून 1988 मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा मोठा कार्यक्रम झाला. मंडेला तेव्हा तुरुंगातच होते. त्या मंचावर या मुली उभ्या राहिल्या, आणि मग ब्रिटनमध्ये गाणं दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं.

आत्या : छान झालं. त्या गाण्याचे शब्द कुणी लिहिले?

भाची : एझरनं. सुरुवातीची त्यांची बरीचशी गाणी त्याचीच.

आत्या : म्हणजे चेहरा मुलींचा, शब्द पुरुषाचे, आणि रेकॉर्ड कंपनीची. माझ्या ओवीला नाव नसेल, पण तिचा शब्दन् शब्द बाईचा आहे. मग पुढे कोण, तूच सांग.

लेक थोडी थांबली. चहाचा कप तिनं दोन्ही हातांत धरला होता. वन्संचा मुद्दा तिला लागला होता, आणि तो तिनं टाळला नाही हे मला आवडलं.

भाची : खरं आहे. पण गाणं गाजलं, नाव झालं, म्हणून त्यांना भांडायला जागा मिळाली. 1989 मध्ये ग्रॅमीनं पहिल्यांदा रॅपसाठी बक्षीस ठेवलं. 'पुश इट'ला नामांकन होतं. पण ते बक्षीस देताना टीव्हीवर दाखवणार नाहीत असं कळल्यावर या मुली सोहळ्याला गेल्याच नाहीत. 1995 मध्ये ग्रॅमी घेतलं ते पुढच्या गाण्यासाठी. आणि 2025 मध्ये, साठीला टेकलेल्या त्या दोघींनी आपल्या जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क परत मागायला युनिव्हर्सल या कंपनीवर दावा लावला. अमेरिकेच्या कायद्यात सोय आहे, 35 वर्षांनी कलावंताला करार मोडून हक्क परत मागता येतात. आता बघ, ज्या बाईचं नावच कुठे लिहिलेलं नाही, ती 35 वर्षांनी काय मागणार? कुणाकडे मागणार?

आत्या : मागायची वेळ येते, कारण आधी विकलेलं असतं. ओवी कुणी विकलीच नाही.

भाची : विकली नाही, पण घेतली. आपल्याच रायपूरचं बघ ना. रमा, रेखा आणि प्रभा, या जोशी भगिनी. सत्तरच्या दशकात रायपूरच्या आकाशवाणीवर त्यांनी गेंदा फुलाचं छत्तीसगढी गाणं गायलं. तूच सांगतेस, लग्नाच्या घरात ते वाजायचंच. 2009 मध्ये 'दिल्ली-6' चित्रपटात ते आलं आणि देशभर गाजलं. आज मुंबईत दहा जणांना विचार, रहमानचं गाणं म्हणून दहाही जण ओळखतील. जोशी भगिनी म्हटलं तर एकही नाही. बायकांच्या गटाचं गाजलेलं गाणं म्हणून मी अमेरिकेतलं उदाहरण शोधते, आणि आपल्या गावातल्या तीन बहिणी मला माहीत असतात त्या केवळ तुझ्यामुळे.

आत्या : मग दुसरं 'गेंदा फूल'ही सांग की. 2020 मधलं. बादशाह रॅपर ना तुमचा? बंगालमधल्या वीरभूमचे रतन कहार, गरीब लोकगायक, त्यांच्या गाण्याच्या ओळी त्यात उचलल्या आणि आधी त्यांचं नावही घातलं नाही. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा पाच लाख रुपये दिले. नावानावाचा एवढा गजर करणाऱ्या रॅपनंच म्हाताऱ्याचं नाव गाळलं.

भाची : गाळलं. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण आरडाओरडा का करता आला? कारण ते गाणं रतन कहारांचं आहे हे सांगणारी माणसं होती. नाव माहीत होतं म्हणून चोरी सापडली. आणि रॅप म्हणजे एकटा बादशाह नाही गं. मुंबईत वाइल्ड वाइल्ड विमेन नावाचा मुलींचा गट आहे. करोनाच्या काळात एकत्र आल्या. क्रांतीनारी, एमसी महिला, हॅशटॅगप्रीती, जेक्वीन, प्रतिका या रॅप करणाऱ्या. बरोबर ब्रेकडान्स करणाऱ्या, भिंती रंगवणाऱ्या, चाकांच्या फळीवरून धावणाऱ्या मुलीही. मराठी, हिंदी, तमिळ, कन्नड, इंग्रजी, जिला जी भाषा जवळची तीत ती बोलते. 'गेम फ्लिप', 'उडू आझाद' ही त्यांची गाणी. चित्रपटाच्या गाण्यासारखी ती घरोघरी पोहोचलेली नाहीत, ते मान्य. पण आपल्या ओळी त्या आपण लिहितात. तू मघाशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी कामातून दिलंय.

आत्या : काय म्हणालीस, एमसी महिला? क्रांतीनारी?

भाची : हो. का?

आत्या : काही नाही. ही नावं एकटीची वाटत नाहीत. महिला म्हणजे कुणीही. मला चालतील.

भाची : आणि त्यांचा प्रकारही ऐक. रॅपवाले गोल करून उभे राहतात, त्याला सायफर म्हणतात. एकीची पाळी, बाकीच्या ताल धरतात. तिचं संपलं की शेजारची उचलते. शब्द आयत्या वेळी बांधायचे.

आत्या : हा तर फेर झाला.

भाची : फेरच आहे. फक्त त्यात पाळी येते तेव्हा स्वतःचं नाव घेऊन उभं राहायचं. आपल्याकडे पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई उभ्या राहिल्याच ना? बायकांनी पंडवानी, म्हणजे महाभारताची कथा, बसून म्हणायची, वेदमती शैलीत, असा रिवाज होता. त्यांनी कापालिक शैली धरली, तंबोरा हातात घेऊन उभ्या राहिल्या, भीमाची गदा केली त्याची. तेराव्या वर्षी पहिला कार्यक्रम, दहा रुपये बिदागी. 2019 मध्ये पद्मविभूषण. शेजारी हुंकार देणारा रागी असतो, तसाच सॉल्टच्या ओळीचा शेवटचा शब्द पेपा उचलते.

आत्या : तीजनबाईंना त्यांच्या जातीनं बाहेर काढलं होतं, तेही सांग. वेगळी झोपडी बांधून राहावं लागलं. उभं राहण्याचं मोल बाईला चुकवावं लागतं. सगळ्यांना ते झेपत नाही. ज्यांना झेपत नाही त्यांनी गायचंच नाही का? त्यांच्यासाठी फेर आहे. फेरात शेवटच्या रांगेतली, आवाज नसलेली, नवऱ्याच्या धाकातली बाईसुद्धा गाऊन जाते. तुझ्या सायफरमध्ये तिला जागा आहे का?

याला लेकीकडे लगेच उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. आणि तेवढ्यात टाळ्यांचा आवाज आला.

सुवा नाचणाऱ्या बायका आल्या होत्या. दिवाळीच्या आधी त्या खेड्यांतून शहरात येतात, घरोघरी आणि दुकानोदुकानी नाचतात. आठजणी होत्या. बांबूच्या टुकनीत धान, त्यावर मातीचे दोन हिरवे पोपट, जवळ पणती. टुकनी भांड्यांच्या एका दुकानापुढे ठेवून त्यांनी भोवती कडं धरलं. सुवा नाचाला वाद्य लागत नाही. चौघी कमरेत वाकून ओळ म्हणतात आणि टाळी देतात. समोरच्या चौघी तीच ओळ उचलून परत देतात. अर्धं कडं वाकलेलं, अर्धं उभं, मग उलट. बाईच्या जन्माचं दुःख पोपटाला सांगायचं, त्यानं ते माहेरी पोचवायचं. एवढ्या गोंगाटात टाळीचा ठेका एकदाही चुकला नाही. वन्संचा हात नकळत मांडीवर ताल धरू लागला होता. दुकानदारानं गल्ल्यातून नोट काढून टुकनीत ठेवली. बायकांनी टुकनी उचलली आणि त्या पुढे सरकल्या.

लेकीनं पहिल्या टाळीपासून शेवटपर्यंत सगळं मोबाइलवर टिपलं होतं.

आत्या : नावं विचारलीस?

भाची : कुणाची?

आत्या : ज्यांचं गाणं खिशात घातलंस, त्यांची.

लेकीचा चेहरा उतरला. तासभर नावासाठी भांडत होती ती. कप माझ्या हातात देऊन ती गर्दीत घुसली. आम्ही दोघी मागोमाग गेलो. पुढच्या वळणावर बायका पाणी पिण्यासाठी थांबल्या होत्या. लेकीनं आधी चित्रण दाखवलं, ठेवू का विचारलं, मग नावं विचारली. एक जण हसून म्हणाली, "हमर नाव के का करबे, नोनी?" गाण्याखाली लिहीन, असं लेक म्हणाली. मग एकेकीनं सांगितलं. सर्वांत वयस्क बाईनं आपलं नाव दोनदा सांगितलं आणि लेकीकडून परत वाचून घेतलं. गावाचंही लिही म्हणाली. नंतर तिनं शेजारच्या तरुण बाईला पुढे ओढलं आणि सांगितलं की मधली ती ओळ हिची आहे, गेल्या साली हिनंच जोडली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ती तरुण बाई पदर तोंडाशी धरून हसत होती, पण नाही म्हणत नव्हती.

परतताना बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वन्संनीच सुरुवात केली.

आत्या : माझं चुकलं थोडं. मी समजत होते, फेरात कुणाचंच काही नसतं. त्यांना तर ओळन् ओळ कुणाची ते ठाऊक आहे.

भाची : मीही तेच समजत होते, आत्या. म्हणून तर विचारायचं सुचलं नाही.

आत्या : नावं लिही. पण गाण्याला कुलूप लावू नकोस. उद्या त्या मुलीची ओळ दुसऱ्या गावच्या बाईनं उचलली तर ती चोरी म्हणायची नाही. तिनं आपली एक जोडावी आणि पुढे द्यावी. गाणं असंच जगतं.

भाची : फेरात उचलली तर चोरी नाही. पण एखाद्या कंपनीनं उचलली आणि त्यावर पैसे केले, तर तिला तिचा वाटा मिळायला हवा. आपल्याकडे 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, जावेद अख्तरांनी राज्यसभेत त्यासाठी बाजू मांडली. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला करारातून काढून घेता येत नाही. रॅपमध्ये बोलणारीच लिहिणारी असते, म्हणून तो कायदा तिच्या कामाचा आहे. सुवा गाणारीलाही तो कामाचा व्हावा असं मला वाटतं. फेर राहू दे, पण हिशेबही राहू दे.

आत्या : हिशेबाचं तुमच्या पिढीनं बघावं. मला त्यात गती नाही.

तिथे त्या दोघी थांबल्या. एकमेकींचं सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. वन्संना 'मी-मी' करणारं गाणं आजही रुचत नाही, आणि लेकीला पदराआडचं गाणं अपुरंच वाटतं. पण गोल बाजाराच्या त्या वळणावर मला जे कळलं ते असं : फेराच्या आत कुणीच निनावी नसते. ओळ कुणाची, चाल कुणी बदलली, आवाज कुणाचा फुटतो, हे आतल्या प्रत्येकीला माहीत असतं. बाई निनावी होते ती गाणं फेराबाहेर नेणाऱ्याच्या हातून. तो रेकॉर्ड कंपनीचा माणूस असेल, चित्रपटवाला असेल, रॅपर असेल, किंवा हातात मोबाइल घेतलेली माझी लेक असेल, मी असेन.

आणि नेणाऱ्यानं मनावर घेतलं तर उलटही होतं. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांच्या ओव्या उतरवून घेतल्या. त्या 1951 मध्ये गेल्या आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं, म्हणून आज त्या आपल्याला नावानिशी माहीत आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात आज त्या प्रसिद्ध होतात तेव्हा गाणारीचं नाव आणि गाव सोबत असतं. ओवी सगळ्यांचीच राहिली आहे. नाव लिहिल्यानं ती आटली नाही.

माझ्या आजीच्या चार ओव्या मला येतात. त्या तिच्या होत्या, तिच्या आईच्या होत्या की तिच्याबरोबर दळायला बसणाऱ्या शेजारणीच्या, हे विचारायचं राहून गेलं. आता विचारायला कुणी उरलेलं नाही.

तुमच्या मोबाइलमध्येही असं काही असेल. भुलाबाईचा, भोंडल्याचा फेर, मंगळागौरीचा खेळ, लग्नातली एखादी आजी, किंवा चौकात रॅप करणारी शेजारची मुलगी. आज ते उघडा. गाणारी हयात असेल तर तिला फोन करा, ओळ कुणाची ते विचारा. खाली तिचं नाव लिहा, गाव लिहा, साल लिहा. आणि पुढे कुणाला पाठवाल तेव्हा नावासकट पाठवा.